पंचनामा आणि दुखवटा

‘दुखवटा’ हा शब्द आज वर्तमानपत्रात वाचला की डोळ्यांपुढे अर्ध्यावर उतरवलेला झेंडा येतो. ‘तीन दिवसांचा राजकीय दुखवटा’ आणि ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ ही जोडी इतकी सवयीची झाली आहे, की हा शब्द मुळात घरातला आहे हे विसरायला होते. मराठवाड्यात मात्र दिवाळीत एखाद्या दारावर आकाशकंदील दिसला नाही तर शेजारी अजूनही म्हणतात, ‘त्यांच्यात दुखवटा आहे.’ तिथे झेंड्याचा संबंध नसतो. त्या घरात फराळ तळला जात नाही, तो शेजारून येतो, एवढाच त्याचा अर्थ.

या घरगुती दुखवट्याचे नियम कुठे छापलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. सोयरे किंवा शेजारी कडू घास घेऊन येतात. सुतक भावकीला लागते, सोयऱ्यांना लागत नाही. म्हणून भावकी बसून राहते आणि सोयरे हातपाय हलवतात. तिसऱ्या दिवशी राख सावडली जाते, दहावा होतो, तेराव्याला गोड जेवण होते. सोयरे टॉवेल-टोपी आणि साडी घेऊन येतात, घरच्यांना घास भरवतात आणि दुखवटा निघतो. यात मला नेहमी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटत आली आहे. दुखवटा ज्याचा त्याला स्वतःचा स्वतः काढता येत नाही. त्याला दुसरे माणूस लागते, ज्याला सुतक नाही असे.

मी नांदेडला बरीच वर्षे इतिहास शिकवला. हैदराबाद संस्थान, मुक्तिसंग्राम, भाषावार प्रांतरचना या सरळ वाटेने शिकवताना एक आडवाट सतत खुणावत राहिली. या भागात माणसे एकदम, मोठ्या संख्येने, वादळाने, पुराने, भूकंपाने मेली तेव्हा राज्यकर्ते त्यांच्या दारात कोण म्हणून उभे राहिले? भावकी म्हणून की सोयरे म्हणून? सुतक धरून की आहेर घेऊन? पुढचे लेखन त्या आडवाटेचे आहे.

आधी नियम पाहू. भारताची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली. तिच्यात झेंडा कुणासाठी आणि कुठे अर्ध्यावर आणायचा याची यादी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान गेले तर देशभर. लोकसभेचे अध्यक्ष आणि सरन्यायाधीश यांच्यासाठी दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यासाठी दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यासाठी त्या त्या राज्यात सगळीकडे. क्रियाही सांगितली आहे. झेंडा आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवण्याआधी पुन्हा एकदा वर न्यायचा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह, या दिवशी झेंडा खाली येत नाही. पार्थिव ज्या इमारतीत असेल तेवढ्याच इमारतीवरचा येतो.

हा शेवटचा अपवाद वाचताना लातूरकरांना २०१२ आठवल्याशिवाय राहणार नाही. विलासराव देशमुख १४ ऑगस्टला चेन्नईत गेले आणि १५ ऑगस्टला बाभळगावात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सकाळी देशभर ध्वजारोहण आणि बाभळगावाच्या रस्त्यावर न मावणारी गर्दी, असा तो दिवस होता. नियम करणाऱ्यांनी असा योगायोगही गृहीत धरून ठेवला होता, याचे मला कौतुक वाटते.

पण यादी नीट पाहिली तर ती पदांची आहे. यादीबाहेरच्या व्यक्तींसाठी खास आदेश निघतात. लता मंगेशकरांसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत देशात दोन दिवस, इंग्लंडच्या राणीसाठी त्याच वर्षी सप्टेंबरात एक दिवस, रतन टाटांसाठी २०२४ मध्ये महाराष्ट्रात एक दिवस. यांतल्या कुणाबद्दल तक्रार नाही. मात्र प्रत्येक आदेशात नाव एकच असते. यादीत गर्दीला जागा नाही. एका रात्रीत हजार माणसे गेली तर झेंड्याने काय करायचे, याबद्दल ती काही सांगत नाही.

आता एकशे अठरा वर्षे मागे जाऊ. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि राजधानी हैदराबाद होती. १९०८ च्या सप्टेंबरअखेर बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने मुसी नदीचे खोरे झोडपले. २८ सप्टेंबरला नदी शहरात शिरली. खोऱ्यातल्या ७८८ तलावांपैकी २२१ फुटले आणि एकाचे पाणी दुसऱ्यावर चढत गेले. अफजल पूल, मुसल्लमजंग पूल, चादरघाट पूल तुटले. जुना पूल तेवढा उभा राहिला. मृतांचा आकडा साधारण पंधरा हजार सांगितला जातो. अफजलगंजच्या बागेतल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे, आणि २८ सप्टेंबरला हैदराबादचे काही नागरिक अजून तिथे जमतात.

त्या पुरात उर्दूतले रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेली. घरातले ते एकटे उरले. पुढे त्यांनी त्या रात्रीवर लिहिले. एका माणसाचे दुःख असे कागदावर आले म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. बाकी पंधरा हजारांचे काय झाले, हा इतिहासकाराच्या पोटात कायम राहणारा खडा आहे.

गादीवर होता सहावा निजाम महबूब अली खान. त्याने वाड्यांचे दरवाजे पूरग्रस्तांना उघडले. त्याच्याबद्दल एक आख्यायिका तिकडे घरोघर सांगतात. ज्योतिषाने सांगितले, नदी कोपली आहे, तिची ओटी भरली पाहिजे. मुसलमान राजा, पण त्याने नदीकाठी जाऊन आरती केली, साडीचोळी, कुंकू, मोती वाहिले आणि पाणी उतरले. खरे-खोटे करण्यात अर्थ नाही. लोकांनी राजाच्या हाती आरतीचे ताट का दिले, हे पाहण्यासारखे आहे. राजवाड्यातून धान्य वाटणारा राजा त्यांना पुरेसा वाटला नाही. तो काठावर यायला हवा होता, त्याने डोके झुकवायला हवे होते. तो भावकीत बसायला हवा होता.

आणि मग सुतक फिटल्यावर काय? इथे महबूब अली खानाचा दरबार मला आजच्या बऱ्याच मंत्रालयांपेक्षा शहाणा वाटतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नुकतेच मुंबई सरकारच्या नोकरीतून मोकळे झाले होते. पुण्यात शिकलेला, धुळे-नाशिकला काम केलेला, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांनी नाव झालेला हा इंजिनिअर युरोपात प्रवासात असताना हैदराबादने त्यांना बोलावणे पाठवले. १९०९ मध्ये ते आले. शहराच्या वर पाणी अडवल्याशिवाय शहर वाचणार नाही, हे त्यांनी मांडले. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. राजा १९११ मध्येच गेला होता. दुखवटा दोन तलावांच्या रूपाने त्याच्यामागे सोळा वर्षे चालला.

अर्थात हे राजधानीचे नशीब. मुसीऐवजी मन्याड किंवा लेंडी फुगली असती तर एवढे सगळे झाले असते, असे मी तरी म्हणणार नाही. संस्थानातल्या मराठी जिल्ह्यांच्या वाट्याला दरबाराचे लक्ष नेहमी उरलेसुरलेच आले.

इंग्रजी मुलखातली वाट वेगळी होती, आणि आजचे महाराष्ट्र शासन तिच्यावरून चालते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता झाल्या. पीक किती बुडाले, गुरे किती गेली, कामे कुठे काढायची, मजुरी किती द्यायची, हे सगळे तिच्यात आले. आपत्ती म्हणजे आधी पिकाचे नुकसान, ही समजूत तिथे पक्की झाली. स्वतंत्र भारतातही पूर, वादळ, भूकंप हा विषय वर्षानुवर्षे केंद्रात कृषी मंत्रालयाकडे होता. गुजरातच्या भूकंपानंतर २००२ मध्ये तो गृह मंत्रालयाकडे गेला. झेंडा आणि दुखवटा मात्र पहिल्यापासून गृह मंत्रालयाचा. म्हणजे कित्येक दशके आपत्तीत मेलेला माणूस एका इमारतीत आणि शोक दुसऱ्या इमारतीत, अशी व्यवस्था होती.

त्या व्यवस्थेतच १९९३ उजाडले.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून लोक झोपले होते. ३० तारखेला, गुरुवारी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नांदेडला आम्ही घाबरून अंगणात आलो, थोडा वेळ उभे राहिलो आणि परत आत गेलो. काय झाले आहे ते सकाळी रेडिओने सांगितले. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका, उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा तालुका, किल्लारी, सास्तूर. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशी घरे. उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार असणारे हे माळवद आमच्या भागाचे भूषण. पहाटे तेच अंगावर आले. बावन्न गावे होत्याची नव्हती झाली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. काही ठिकाणी ९,७४८ हाही आकडा येतो. दोहोंतले अंतर अठराशेहून अधिक आहे, म्हणजे दोन मोठी गावे.

त्या दिवशी दिल्लीत कोण होते ते पाहा. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव, जुन्या हैदराबाद संस्थानात जन्मलेले, वंदे मातरम् चळवळीपायी उस्मानिया विद्यापीठातून बाहेर पडावे लागलेले, मराठी उत्तम जाणणारे. गृहमंत्री शंकरराव चव्हाण, नांदेडचे. लोकसभेचे अध्यक्ष शिवराज पाटील, लातूरचे. झेंड्याच्या यादीत ज्या पदांची नावे आहेत, त्यांतली तीन पदे एकाच वेळी जुन्या निजामी मुलखातल्या माणसांकडे होती. असे आधी कधी झाले नव्हते. मराठवाड्याचे दिल्लीत वजन नाही, ही आमची नेहमीची कुरकूर त्या वर्षी तरी खोटी होती. यांतला कुणीही एक गेला असता, तर कुठला झेंडा कुठे आणि किती खाली यायचा हे ठरलेले होते. त्यांच्या गावशेजारच्या आठ हजारांसाठी यादीत ओळ नव्हती. ती त्या तिघांनी लिहिलेली नव्हती आणि त्यांनी खोडलीही नव्हती. राज्यकर्ता मनाने कितीही जवळचा असला तरी राज्ययंत्र भावकीत बसेलच असे नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

यंत्राने जे केले ते कमी नव्हते, हेही म्हटले पाहिजे. मुख्यमंत्री शरद पवार सकाळीच लातूर भागात पोचले आणि पुढे सोलापुरात मुक्काम ठोकून त्यांनी कामे हलवली. सैन्य आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, गावे नव्या जागी वसली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडात बसला तो किल्लारीने. सोयऱ्याने करायचे ते सगळे सरकारने केले, आणि बऱ्यापैकी केले.

पण पहिल्या आठवड्यात जमिनीवर काय चालले होते? पाऊस पडत होता. ढिगाऱ्यातून निघणाऱ्या देहांना एकेकटी चिता देणे शक्य नव्हते, सामुदायिक चिता पेटल्या. हा लिंगायत वस्तीचा पट्टा. त्यांच्यात मृताला बसवून पुरतात. सामुदायिक चितेला कुणाची रीत पाळता येत नाही. आणि सुतकाचा हिशेब तर पूर्ण कोसळला. भावकीही गेली, सोयरेही गेले. आमच्याकडे सोयरिकी पाच-दहा कोसांत होतात. मुलगी दिलेले गावही त्याच बावन्नात. कडू घास कुणी आणायचा? तो लांबून आला. नांदेड, परभणी, बीड, सोलापूर, कर्नाटकातून ट्रक भरून भाकरी आल्या. ज्या बायकांनी त्या थापल्या त्यांनी किल्लारी पाहिली नव्हती. त्यांना कुठल्या आदेशाची गरज लागली नाही. या भाकऱ्यांबरोबर बघे लोकही आले आणि मदतीच्या गाड्या त्यांच्या गर्दीत अडकल्या, हेसुद्धा त्याच इतिहासाचा भाग आहे. आपण आपल्याबद्दल लिहिताना ते सहसा गाळतो.

त्या वर्षी दिवाळी १३ नोव्हेंबरला होती. भूकंपाला दीड महिना झाला होता. माणसे पत्र्याच्या शेडमध्ये होती. माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोळ त्या पट्ट्यातले. ती सांगे, तिथे कुणी कुणाला ‘तुमच्यात दुखवटा आहे का’ असे विचारत नव्हते; विचारणारे आणि उत्तर देणारे एकाच सुतकात होते.

आता वादळाकडे वळते. भूकंप निदान एका पहाटे सगळ्यांना एकत्र नेतो आणि गावाचे नाव जगाला कळते. मराठवाड्यातले वादळ तसे वागत नाही. ते माणसे सुटी सुटी नेते. मृगाच्या आधी, किंवा परतीच्या पावसात, दुपारी आभाळ भरून येते. शेतातला माणूस लिंबाखाली, आंब्याखाली उभा राहतो. शेळ्या घेऊन परतणारी बाई बांधावर असते. वीज पडते. आज मुखेडला एक, उद्या देगलूरला एक, परवा औशाला बापलेक. वर्तमानपत्रात जिल्हा पानावर चार ओळी येतात. वर्षाची बेरीज मांडली तर ती गर्दीच असते, पण ती कधी एका ठिकाणी, एका दिवशी उभी राहत नाही. ज्या दुखवट्याला मोठा आकडा लागतो, तो यांच्या दारात येणार तरी कसा?

यांच्या दारात तलाठी येतो. महाराष्ट्र शासनाने ३० जानेवारी २०१४ च्या निर्णयाने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग यांना राज्य आपत्ती मानले. ही मोठी गोष्ट झाली, कारण त्याआधी विजेने मेलेल्या माणसाच्या घरच्यांना आपले माणूस कुठल्या सदरात मेले हेच सिद्ध करत बसावे लागे. आता शवविच्छेदन होते, पंच बसतात, पंचनामा होतो, तहसीलला प्रकरण जाते आणि मृताच्या वारसाला चार लाख रुपये मिळतात. त्याच पंचनाम्यात जनावरे येतात. केंद्राच्या २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये आणि ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००. शहरातल्या वाचकाला माणूस आणि बैल एका कागदावर पाहून कसेसे होईल. शेतकऱ्याला त्याचे काही वाटत नाही. बैल त्याच्या घरातलाच असतो, पोळ्याला त्याला पुरणपोळी असते. खटकते ते दुसरेच. त्या कागदावर जे जे आहे त्याला किंमत आहे, पण सरकारने एक क्षण उभे राहावे अशी जागा त्यात कुठेच नाही.

तो निर्णय निघून महिना होतो न होतो तोच गारपीट आली. २०१४ च्या फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. लातूर, उस्मानाबाद, बीड, नांदेड सगळीकडे. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षे सडकून निघाली. झाडांखाली पाखरांचा खच पडला. ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागू झाली. मदत जाहीर करायला निवडणूक आयोगाची परवानगी लागणार होती. म्हणजे सोयऱ्याला आहेर आणायलाही विचारून यावे लागले. दुखवटा पाळायला मात्र कुठली आचारसंहिता आडवी आली नसती. सभा, हारतुरे, ढोल एक दिवस थांबवायला पैसा लागत नाही. गारांनी झोपलेल्या शिवारातून प्रचाराचे भोंगे फिरले, ते या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत.

इतर देशांत गर्दीसाठी झेंडा खाली येतो का? येतो, आणि त्यातला २००८ चा मे महिना अभ्यासण्यासारखा आहे. २-३ मेला नर्गिस चक्रीवादळाने ब्रह्मदेशाचा किनारा धुऊन नेला. १२ मेला चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला. चीनने १९ ते २१ मे असे तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला. सामान्य नागरिकांसाठी त्या प्रजासत्ताकाने केलेला तो पहिलाच. १९ तारीख का, तर तिकडच्या घरगुती रीतीत मृत्यूचा सातवा दिवस महत्त्वाचा. दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी, भूकंपाच्या नेमक्या वेळी, सारा देश तीन मिनिटे थांबला, गाड्यांनी भोंगे वाजवले. सरकारने घराची तिथी पाळली. ब्रह्मदेशाच्या लष्करी राजवटीने मधल्या काळात, १० मेला, नव्या राज्यघटनेवर सार्वमतही उरकून घेतले होते, आणि चीनचा दुखवटा सुरू झाल्यावर २० मेपासून आपलाही तीन दिवसांचा जाहीर केला. पुढे आफ्रिकेत मोझांबिकने २०१९ मध्ये इदाई वादळानंतर तीन दिवस आणि मलावीसारख्या गरीब देशाने २०२३ मध्ये फ्रेडी वादळानंतर चौदा दिवस दुखवटा पाळला.

यावरून दुखवटा म्हणजे माणुसकी असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. सिचुआनमध्ये शाळांच्या इमारती इतर इमारतींपेक्षा आधी का पडल्या, असे विचारणाऱ्या आईबापांना त्याच सरकारने गप्प बसवले. मौन पाळा, असे सांगण्याचे दोन अर्थ होतात. किल्लारीतही प्रश्न होते. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, मग धक्के थांबले आणि लोक घरात परतले. सुतक धरणारा भावकीतला असतो, आणि भावकीतल्या माणसाला ‘तू तेव्हा कुठे होतास’ असे विचारता येते. कदाचित म्हणूनच सरकारांना सोयरे राहणे बरे वाटत असावे.

आपल्याकडेही अलीकडे काही राज्यांनी वाट बदलली आहे. मोरबीचा पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला कोसळला, तेव्हा गुजरातने २ नोव्हेंबरला राज्यभर दुखवटा पाळला. बालासोरचा रेल्वे अपघात २ जून २०२३ चा; ओडिशाने दुसऱ्या दिवशी. ३० जुलै २०२४ ला वायनाडच्या डोंगराने गावे गिळली, तेव्हा केरळने तो दिवस आणि त्यापुढचा दिवस. त्या दिवशी केरळातल्या कुठल्याही गावच्या कचेरीत गेलेल्या माणसाला झेंडा खाली दिसला, आणि खाली का, तर चहाच्या मळ्यात राबणारे मजूर गेले म्हणून. याचा परिणाम मोजता येणार नाही, पण तो काहीच नाही असे मला वाटत नाही.

२०२५ च्या पावसाळ्यात नांदेडची पाळी आली. १७ आणि १८ ऑगस्टच्या रात्री मुखेड तालुक्यात आभाळ फाटले. लेंडी प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रातली रावणगाव, हसनाळ ही गावे अंधारात पाण्याखाली गेली. सैन्य बोलवावे लागले, माणसे गेली, दावणीला बांधलेली जनावरे जागच्या जागी गेली. स्वातंत्र्यदिनाचा झेंडा उतरून दोनच दिवस झाले होते. सप्टेंबरात सगळा मराठवाडा पाण्यात होता. १७ तारखेचा मुक्तिदिन त्या पाण्यातच आला. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली. खरवडून गेलेल्या जमिनीला किती, विहिरीला किती, जनावराला किती, सगळे तपशिलात. पंचनाम्याच्या कलेत आपण आता बरेच पुढे गेलो आहोत, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. ज्याची माती वाहून गेली त्याला आधी मातीचेच पैसे हवे असतात.

किल्लारीला मात्र एक गोष्ट मिळाली, जी बाकी कुणाला मिळाली नाही. जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. दर ३० सप्टेंबरला तिथे लोक जमतात, अधिकारी येतात, आणि पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. ही मानवंदना मुळात पदाची, गणवेशाची, शहिदाची. ती इथे माळवदाखाली झोपेत गेलेल्या शेतमजुरांना, म्हाताऱ्यांना, तान्ह्या मुलांना मिळते. ती कुठल्या यादीत बसते कोण जाणे. वर्षातून एकदा, काही मिनिटे, त्या माळावर सरकार भावकीत बसते.

घरोघरचे श्राद्ध मात्र ३० सप्टेंबरला होत नाही. त्या पहाटे चतुर्दशी सरून भाद्रपदी पौर्णिमा लागली होती, आणि पितृपंधरवडा दाराशी आला होता. जिथे श्राद्ध घालतात त्या घरी तिथी धरतात. त्यामुळे कधी आधी घरचे होते आणि मग सरकारचे, कधी उलट. चंद्राचे आणि सूर्याचे गणित एकोणीस वर्षांनी जमते. २०१२ मध्ये ३० सप्टेंबरला पौर्णिमा होती; त्या दिवशी स्तंभापाशी गेलेली माणसे श्राद्धाचा स्वयंपाक करून गेली असतील. यानंतर तारीख आणि तिथी एकत्र येईल ती २०३१ मध्ये.